उजवीकडची सीट

रेजिस वातेलला कॅराव्हॅन मागे घेता येत नाही, ही गोष्ट त्याच्या बायकोला पहिल्याच मुक्कामाला कळली होती. सहाव्या मुक्कामापर्यंत ती आसपासच्या तंबूवाल्यांनाही कळू लागली. मान्य नव्हती ती एकट्या रेजिसला.

त्या दुपारी त्रुयेर नदीच्या काठी, गावच्या कँपिंगच्या मैदानात, त्याची निळी गाडी आणि तिच्यामागची पांढरी कॅराव्हॅन, चाकांवरचं छोटं घरच ते, चौथ्यांदा काटकोनात येऊन अडकल्या. शेजारच्या तंबूपुढे बसलेल्या जर्मन जोडप्याने आपल्या खुर्च्या हळूच दोन हात मागे सरकवल्या.

गिलेन मागे उभी राहून हातवारे करत होती.

"डावीकडं म्हणतेस की उजवीकडं? नीट सांग ना!" रेजिस खिडकीतून डोकं काढून ओरडला.

"शेपूट डावीकडं न्यायचंय तर चाक उजवीकडं फिरव," गिलेन म्हणाली. "आणि थोडंसंच. पुढं ती आपणहून वळते."

"तुला कोणी सांगितलं?"

"दिसतंय ना मला इथून."

"बघणं वेगळं आणि चालवणं वेगळं, बाईसाहेब!"

गिलेनने हात खाली घेतले आणि ओठ मिटून घेतले. सहा मुक्काम ती हेच करत आली होती. शेवटी जर्मन माणूस उठला, आणखी दोघं आले, कॅराव्हॅन गाडीपासून सोडवली आणि चौघांनी मिळून ती हाताने ढकलत जागेवर नेऊन लावली. रेजिसने सगळ्यांचे आभार मानले आणि जमीन उताराची असल्याचं सांगितलं. जमीन तव्यासारखी सपाट होती.

तसा रेजिस काही ऐरागैरा चालक नव्हता. पार उत्तरेकडे, सेंतोमेर गावात, चौतीस वर्षं त्याची गाडी शिकवायची शाळा होती. फ्लॉवर पिकवणारे शेतकरी, दवाखान्यातल्या नर्स, पाववाल्याच्या दोन्ही मुली, खुद्द चर्चचे पाद्री, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. चौतीस वर्षं तो चालवणाऱ्याच्या उजवीकडच्या सीटवर बसला, पायाशी स्वतःचे वेगळे ब्रेक आणि क्लच घेऊन. त्या सीटवरून त्याने दोन हजारांवर माणसं रस्त्याला लावली. पण त्याच्या गाड्यांच्या मागे कधी काही जोडलेलं नसायचं. आणि त्याच्या मुलखात चढ म्हणाल तर कालव्यावरचे पूल, तेवढेच.

मुलं गाडी शिकायला येतात ती सुट्टीत. त्यामुळे चौतीस उन्हाळे रेजिस गाव सोडून हलला नाही. दरवर्षी मे महिन्यात गिलेन नकाशा उघडायची आणि दरवर्षी रेजिस म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. तिला सबंध उन्हाळा सुट्टी असायची, आणि ती सुट्टी ती परसातल्या खुर्चीत बसून घालवायची. मागच्या हिवाळ्याआधी रेजिसने शाळा विकली, वसंतात दोघांनी कॅराव्हॅन घेतली आणि जून लागताच निघाले. रस्ता गिलेनने आखला होता: लुआर नदी, मग डोंगर, मग त्रुयेरची घळ, तिथून वर ओब्राकचं पठार आणि शेवटी दक्षिणेचा समुद्र.

आता गिलेनच्या मिटलेल्या ओठांमागची गोष्ट.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी रेजिसने तिला गाडी शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या धड्याला, शनिवारच्या बाजारात, ऐन चौकात गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागून भोंगे वाजू लागले. तेव्हा रेजिस खिडकीची काच खाली असताना मोठ्याने म्हणाला, "गिलेन, तुझे हात देवानं डावानं वाढण्यासाठी केलेत. उतर, मी नेतो." कोबीच्या गाड्याजवळची माणसं हसली. रेजिसही हसला. गिलेन उतरली ती थेट चालत घरी गेली. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही.

पण पन्नाशी ओलांडल्यावर तिची बहीण बेर्नादेत कमरेच्या दुखण्याने अडली. बेर्नादेत बाजारोबाजार कोंबड्या भाजून विकायची. भाजायचं यंत्र एका लांबलचक गाड्यावर बसवलेलं, आणि तो गाडा व्हॅनला जोडून गावोगावी ओढत न्यायचा. "मला ओढणारं माणूस पाहिजे," बेर्नादेत म्हणाली. "कोंबड्या काय, कोणीही फिरवील." गिलेनने आठ दिवस विचार केला आणि कालव्यापलीकडच्या देलोबेलच्या शाळेत नाव घातलं. देलोबेल म्हणजे रेजिसचा हाडवैरी. पण दुसऱ्या गावी शिकायला जायचं तर गाडी लागते, आणि तीच तर येत नव्हती. पहिल्याच परीक्षेत ती पास झाली. तेव्हापासून दर बुधवारी, मुलांची शाळा आणि तिची खानावळ बंद असते त्या दिवशी, गिलेन व्हॅन आणि गाडा घेऊन बाजार करू लागली. अरुंद गल्ल्या, चर्चमागची मैदानं, मासळीवाल्याच्या आणि चीजवाल्याच्या मधली टीचभर जागा. गाडा मागे घेणं तिच्या हातात कणीक मळण्यासारखं बसलं. रेजिसला वाटायचं, बायको बहिणीकडे कोंबड्यांना मसाला चोळते.

तिने त्याला सांगितलं का नाही? सांगणार होती. पण त्याच वर्षी देलोबेलने रेजिसची निम्मी मुलं पळवली आणि रेजिस रोज रात्री सुपाच्या वाटीवर त्याचं नाव घेऊन दात खाऊ लागला. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली. जितके दिवस जातील तितकी अशी गोष्ट जड होत जाते.

त्रुयेरकाठच्या तिसऱ्या सकाळी रेजिस कॉफीचं भांडं घेऊन कॅराव्हॅनच्या पायरीवरून उतरत होता. समोर जर्मन माणूस आपली गाडी सावलीत लावत होता, आणि रेजिसला राहवलं नाही.

"आरसा!" तो ओरडला. "आधी उजवा आरसा बघा, मग..."

उजवा पाय पायरी आणि ओल्या गवताच्या मध्ये कुठेतरी गेला. कॉफी उडाली, भांडं उडालं, आणि रेजिस वातेल कंबरेवर बसला.

कँपिंगची देखरेख करणाऱ्या काबानेलबाईंनी त्याला आपल्या गाडीत घालून गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हाड शाबूत होतं, घोट्याच्या शिरा ताणल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पाय बांधला, कुबड्या दिल्या आणि सांगितलं, "दहा दिवस हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. गाडी चालवायचं तर नावच काढू नका."

परत आल्यावर काबानेलबाई दारात घुटमळल्या. "मला सांगायलाच नको वाटतंय," त्या म्हणाल्या, "पण शनिवारी नदीत होड्यांच्या शर्यती आहेत. सगळ्या जागा हिवाळ्यातच गेल्यात. उद्या शुक्रवारी दहापर्यंत तुमची जागा मोकळी करावी लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता रेजिस टेबलाशी पाय खुर्चीवर ठेवून विमा कंपनीला फोन लावत होता. गिलेन त्याच्यासमोर पाव कापत होती. गाडी उचलून न्यायला ट्रक येईल, तुम्हा दोघांना टॅक्सीने स्टेशनवर सोडू, घरापर्यंत रेल्वेचं तिकीट आमच्याकडून, असं पलीकडून कोणीतरी गोड आवाजात सांगत होतं.

रेजिसने फोनवर हात ठेवला. "संपली म्हणायची सहल," तो तिला म्हणाला. "असू दे. पुढच्या वर्षी बघू."

गिलेनने सुरी खाली ठेवली.

"फोन ठेव," ती म्हणाली.

"अगं, ती बाई पत्ता विचारतेय."

"तिला सांग, ट्रक नको. आणि फोन ठेव. पुढच्या वर्षी मी काही बघणार नाहीये, रेजिस. मला ओब्राकचं पठार या वर्षी बघायचंय. गाडी मी चालवते."

रेजिस हसला. दुखणाऱ्या माणसाने हसावं तसं, तोंडाच्या एका बाजूने. "तुला परवाना लागतो त्यासाठी."

"आहे."

तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून गुलाबी कागदाची तीन घड्यांची पुस्तिका काढली आणि चीजच्या ताटलीशेजारी ठेवली. फोनमधला गोड आवाज "ऐकताय ना?" असं विचारत राहिला. रेजिसने तो न बघताच बंद केला. परवाना उचलला, घडी उघडली, फोटो पाहिला, शिक्का पाहिला, कागद उजेडाकडे धरून पाहिला. तारीख दोनदा वाचली.

"हा खरा आहे," तो म्हणाला.

"तुझ्याइतके परवाने दुसऱ्या कोणी पाहिलेत? खरा आहे तर खरा."

"अकरा वर्षं झाली याला."

"हो."

"कोणाकडं शिकलीस?"

"गाडीत सांगते," गिलेन म्हणाली. "दहाला जागा सोडायचीय."

तिने टेबल मिटलं, गॅसची टाकी बंद केली, कॅराव्हॅनचे टेकूचे चारही पाय फिरवून वर घेतले. गाडी मागे आणून जोडणीच्या गोळ्यावर कॅराव्हॅनची कडी पहिल्याच प्रयत्नात बसवली, तारा जोडल्या, दिवे लागतात का ते स्वतः मागे जाऊन पाहिलं. रेजिस कुबड्यांवर उभा राहून हे बघत होता आणि त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं. जर्मन जोडप्याने सवयीने खुर्च्या मागे ओढल्या. गिलेनने मैदानाच्या कोपऱ्यावर मोठा घेर घेतला आणि त्यांच्या तंबूच्या दोरीला वारासुद्धा न लावता फाटकातून बाहेर पडली.

घळीतून वर चढणारा रस्ता वळणावळणांचा होता. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला खाली हिरवी नदी. पहिल्या वळणापर्यंत रेजिस बोलला नाही. दुसऱ्याला त्याला बोलल्याशिवाय राहवेना.

"दुसरा गिअर. दुसरा! इंजिनाचा आवाज ऐक. आता आरसा. डावा नाही, उजवा. मागचं चाक कडेला जातंय. आता सोड, सोड, क्लच सोड..."

"सोडलाय."

"समोर सायकलवाला! दिसला का?"

"दिसला. मघाशीच दिसला."

तिसऱ्या वळणाला रेजिसचा उजवा पाय आपसूक पुढे गेला आणि त्याने जोरात ब्रेक दाबला. म्हणजे, जिथे चौतीस वर्षं ब्रेक असायचा तिथे. "आई गं!" तो कळवळला.

"रेजिस, तिथं ब्रेक नाहीये," गिलेन रस्त्यावरून नजर न हटवता म्हणाली. "तू सुजलेला पाय गालिच्यावर आपटतोयस."

"माझ्या पायाला कळत नाही ते!"

"मग मांडी घालून बस."

त्याला मांडी घालता येईना, म्हणून त्याने दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा धरून ठेवला. सहाव्या वळणाला तो पुन्हा पुढे जाऊ लागला तेव्हा रेजिसनेच त्याला मागे ओढलं.

आठव्या वळणानंतर रस्ता अगदी अरुंद झाला, आणि तिथेच समोरून दुधाचा टँकर आला. चकचकीत, पोट भरलेला. दोन्ही गाड्या नाकासमोर नाक येऊन थांबल्या. एकमेकांना ओलांडून जायला जागाच नव्हती.

रेजिसचा चेहरा उजळला. हा प्रांत त्याचा होता. त्याने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"अहो, मागं घ्या! कायदा वाचलाय ना? अरुंद चढावर एकटी गाडी मागं जाते. आमच्या मागं कॅराव्हॅन आहे, आम्ही जोडगाडी! हक्क आमचा!"

टँकरवाला खाली उतरला. भरघोस मिशांचा, बाह्या वर केलेला गडी. तो शांतपणे खिडकीजवळ आला.

"बरोबर आहे तुमचं, काका," तो म्हणाला. "कायदा मला पाठ आहे. पण माझ्या मागं चाळीस गाई येतायत, त्यांनी वाचलेला नाही."

आणि खरंच, टँकरच्या मागून घंटांचा आवाज येऊ लागला होता. टँकरच्या दोन्ही कडांनी तांबूस रंगाची डोकी डोकावली, काजळ घातल्यासारखे डोळे आणि वर वळलेली शिंगं.

"खाली रुंद जागा किती लांब आहे?" गिलेनने विचारलं.

"वळणामागं लाकडाच्या ओंडक्यांची रास आहे ना, तिथं. नव्वद-शंभर मीटर. पण काकी, मागं ही पेटी घेऊन... थांबा, मी घेऊन देऊ का?"

"नको," गिलेन म्हणाली. "तुम्ही गाई धरून ठेवा."

ती उतरली. रस्त्याने खाली वळणापर्यंत आणि वळणापलीकडे चालत गेली, ओंडक्यांजवळ पायाने जमीन दाबून पाहिली, एक सुटा दगड कडेला सारला आणि तशीच चालत वर आली. बसली. सीट पुढे घेतली. मग नवऱ्याकडे वळली.

"रेजिस, आता मी शंभर मीटर मागं जाणार आहे. तू एक शब्द जरी बोललास ना, तर उतरवीन आणि गाईंबरोबर चालत यायला लावीन."

"मला चालता येत नाही."

"म्हणून सांगतेय."

तिने गिअर टाकला. बाजाराच्या गल्ल्या आठवायची गरज पडली नाही, हात स्वतःच चालले. चाकाच्या खालच्या अंगाला हात, कॅराव्हॅनचं ढुंगण जिकडे न्यायचं तिकडे तो हात. थोडं, अजून थोडं, आता सोड. खडकाची बाजू डाव्या आरशात वीतभर अंतराने सरकत राहिली. वळणाच्या मध्यावर कॅराव्हॅन हट्टाला पेटल्यासारखी जास्तच दुमडू लागली. गिलेन थांबली, हातभर पुढे आली, सरळ केली, पुन्हा मागे निघाली. तिला घाम आला नव्हता. उलट एक जुना आनंद उसळत होता, बुधवारच्या सकाळी चर्चमागे गाडा पहिल्या झटक्यात लागला की व्हायचा तसा. बाजूला रेजिसचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

ओंडक्यांशेजारी गाडी आणि कॅराव्हॅन एका रेषेत येऊन उभ्या राहिल्या. टँकर खाली गेला. जाताना टँकरवाल्याने भोंगा वाजवला आणि मिशीवर हात फिरवला. मग गाई गेल्या, एकेक करून, गाडीला अंग घासत. एकीने थांबून रेजिसच्या बाजूचा आरसा चाटून काढला. रेजिसने तिला हाकललंही नाही.

शेवटची घंटा वळणाआड गेली तेव्हा तो म्हणाला, "देलोबेल."

गिलेनने आतला आरसा नीट केला.

"तू चाक खालून ढकलतेस. त्याच्याकडची पोरं तशी ढकलतात. माझी वरून ओढतात. चौकात उभा राहिलो तर कोणाचं पोर ते मी डोळे झाकून सांगतो. देलोबेलकडं शिकलीस तू."

"हो," गिलेन म्हणाली. "गाडी शिकले देलोबेलकडं. आणि गाडा ओढायला बेर्नादेतकडं. अकरा वर्षं, दर बुधवारी."

"म्हणजे कोंबड्या..."

"कोंबड्या बेर्नादेत फिरवायची."

त्यानंतर रेजिस खिडकीबाहेर बघत बसला. चौदा किलोमीटर त्याचा पायही हलला नाही. गाडी घळीतून वर आली, झाडं संपली आणि ओब्राकचं पठार सुरू झालं. दूरपर्यंत नुसतं गवत, दगडी कुंपणं, पिवळी-पांढरी फुलं आणि वर अफाट आभाळ. गिलेनने चौतीस वर्षं नकाशावर बोट ठेवलेली जागा ती हीच. तिने कडेला गाडी थांबवली आणि खिडक्या उघडल्या. वारा आत आला.

"त्रेनेलला माहीत होतं?" रेजिसने एकदम विचारलं. त्रेनेल म्हणजे परीक्षा घेणारा अधिकारी. दर रविवारी तो रेजिसबरोबर पत्ते खेळायला यायचा.

"त्यानंच घेतली माझी परीक्षा."

"अकरा वर्षं माझ्या टेबलाशी बसून माझी दारू पितो! आणि तोंडातून शब्द नाही!"

"मीच शपथ घातली होती."

"आणि देलोबेल? तो हसत असेल मला."

"देलोबेल एकदाही हसला नाही. तो म्हणाला, वातेलच्या बायकोला मी नापास होऊ दिलं तर गावात तोंड दाखवता यायचं नाही. दुप्पट वेळ शिकवलं त्यानं मला."

रेजिसने कुबडीच्या मुठीवर अंगठा घासला. "माझ्याकडं का नाही आलीस?"

"आले होते ना. तीन धडे."

"तू सोडून दिलंस. मला वाटलं तुला आवडत नाही."

मग गिलेनने त्याला ते वाक्य सांगितलं. शनिवारचा बाजार, कोबीचा गाडा, खाली केलेली काच, सगळं. आवाज न चढवता, जसंच्या तसं.

रेजिस तिच्याकडे बघत राहिला. "मी असं म्हणालो?"

"चौकात."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं."

"दोन हजार लोक शिकवले मी. भिंतीला गाडी घातली तरी कोणाला मी असं बोललो नसेन."

"त्यांच्याकडून तू फी घ्यायचास," गिलेन म्हणाली.

रेजिसने तिचा हात गिअरवरून उचलला आणि उलटा करून तळवा पाहिला, जणू त्या वाक्याची खूण तिथे कुठे राहिली असावी. "फार वाईट बोललो गं," तो म्हणाला. "आणि आठवतही नाही, हे त्याहून वाईट."

"लपवलं ते माझं चुकलं," गिलेन म्हणाली. "अकरा वर्षं म्हणजे फारच झाली. त्याची माफी मागते. परवाना काढला त्याची मागणार नाही."

"ती मागूही नकोस," रेजिस म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "वळणावर मध्येच थांबून पुढं आलीस, ते बरोबर केलंस. मी असतो तर हट्टानं मागंच रेटलं असतं."

"आणि आपण आत्ता नदीत असतो."

रेजिसला हसू आलं. आता दोन्ही बाजूंनी.

दुपारी ते पठारावरच्या एका शेतकऱ्याच्या कँपिंगवर पोचले. पाचच जागा, त्यांतली रिकामी होती ती दगडी भिंत आणि एका डच माणसाच्या तंबूच्या मधली. गिलेनने रेजिसला कुबड्यांसकट आधी उतरवलं, डच माणसाने त्याला आपली खुर्ची दिली. मग तिने कॅराव्हॅन एका दमात मागे घेतली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर सरळ उभी केली. डच माणसाने टाळ्या वाजवल्या. गप्पांमध्ये रेजिसने चौतीस वर्षं शाळा चालवल्याचं सांगितलं होतंच.

"तरीच!" डच माणूस म्हणाला. "बायकोला फार छान तयार केलंत तुम्ही!"

गिलेन कॅराव्हॅनचे पाय खाली सोडत होती. तिचा हात हँडलवर थांबला. रेजिसने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या बांधलेल्या पायाकडे. एवढं सोपं होतं ते, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"मी नाही," तो म्हणाला. "आमच्या गावात देलोबेल म्हणून एकजण आहे. त्यानं शिकवलं. चांगला शिकवतो."

त्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या बायकोने मोठ्या पातेल्यात बटाटे आणि ताजं चीज घोटून आलिगो केलं. डाव वर उचलला की त्याची हातभर लांब तार निघायची. सगळ्यांनी मिळून ते सॉसेजबरोबर खाल्लं आणि रेजिस तीनदा वाढून घेऊन जेवला.

अकराव्या दिवशी, पठार उतरून द्राक्षांच्या मळ्यांत आल्यावर, रेजिसचा पाय बरा झाला. किल्ली त्याच्याकडे गेली. तीस किलोमीटर त्याने झकास गाडी चालवली आणि मग एका गावाबाहेर वाइनच्या सहकारी संस्थेच्या रिकाम्या आवारात आपणहून वळवून थांबवली.

"शिकव," तो म्हणाला.

"काय?"

"मागं घ्यायला. शेपूट डावीकडं, चाक उजवीकडं, वगैरे. शिकव मला."

गिलेन उजवीकडच्या सीटवर सावरून बसली. पहिली दहा मिनिटं तिने फार प्रेमाने सांगितलं. पुढच्या दहा मिनिटांत रेजिसने कॅराव्हॅन तीनदा दुमडली आणि एक प्लास्टिकचं पिंप लोळवलं.

"अरे, थोडं म्हटलं ना! थोडं!" गिलेन ओरडली. "किती वेळा सांगायचं तुला? डोळे कुठंयत तुझे?"

रेजिसने ब्रेक दाबला आणि तिच्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, विचारलं, "फी किती घेता हो तुम्ही, बाई?"

गिलेनने तोंडावर हात ठेवला. मग दोघंही इतकी हसली की संस्थेचा रखवालदार बाहेर येऊन बघून गेला. पिंप त्यांनी उचलून जागेवर ठेवलं आणि पुन्हा सुरुवात केली. दीड तास लागला. शेवटच्या खेपेला कॅराव्हॅन भिंतीशी जरा तिरकी का होईना, पण लागली.

समुद्र तिथून दीड तासावर होता. नकाशात रस्ता मळ्यांमधून, दगडी पुलांवरून जाणारा, बारीक रेघेचा होता. रेजिसने तो पाहिला, किल्ली काढून गिलेनच्या मांडीवर टाकली आणि बाजू बदलायला खाली उतरला.